ब्रेकचे पॅड बदलण्याआधी पिना काढून बघ

रामबाग, इंदूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ब्रेकचा आतला पॅड झिजून पार मागच्या पत्र्याला टेकायला आलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक! हा दोष पॅडचा नाही गं. तुझ्या गाडीत पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबतो आणि त्याच रेट्याने कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅडना कवेत घेणारा चिमटा, पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की बाहेरचा बसून राहतो, मार एकटा आतला खातो. नुसते नवे पॅड घातलेस तर तेही असेच जातील. गॅरेजवाले घाईत असतात, पिनांना हात लावतीलच असं नाही. तू स्वतः करतेस ते मला पसंत आहे.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालू नकोस, स्टँड हवाच. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांध.

एकेक पिन काढ. काहींच्या टोकाला रबर असतं, म्हणून वरची कुठली, खालची कुठली ते आधी लिहून ठेव. जुनं ग्रीस पिनेवरून आणि भोकातून पूर्ण पूस. पिनेला गंजाचे खड्डे असतील किंवा तिच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला असेल तर सरळ नवं घे, इथे काटकसर नको.

बेअरिंगचं ग्रीस बिलकुल वापरायचं नाही. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं आणि फुगलेलं रबर पिनेला पुन्हा आवळून धरतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस माग. पोळीवर तुपाचा हात फिरवतो तेवढाच थर दे. भोकात भरलंस तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते.

पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, ज्या क्लिपांत सरकतात त्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने घास. गंज साचला की क्लिप वर उचलली जाते आणि पॅड अडकतो. कानांना ग्रीस जेमतेम. काही कंपन्या तिथे कोरडंच ठेवायला सांगतात, तेव्हा मॅन्युअल बघ. घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. धूळ फुंकू नकोस, ब्रेक क्लीनरने धू.

दिवाळीत ओंकारेश्वरला जायचं आईने ठरवून टाकलंय, म्हणजे भेरूघाट उतरणं आलं. अडकलेला पॅड डिस्कला सतत घासत राहिला तर तिथे ब्रेक तापतील, म्हणून एवढं लिहिलं.

पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल वर चढतं, बॉनेटखालच्या त्याच्या बाटलीकडे लक्ष ठेव. सांडलं तर रंग खातं. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळ. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, सुरुवातीला पोकळ जाईल. दुसऱ्या बाजूच्या चाकाचेही पॅड त्याच दिवशी बदल.

जुने पॅड टाकू नकोस, येताना घेऊन ये. मला बघायचेत.

तुझे बाबा