बाबांच्या खांद्याचं चवथीआधी

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. फोनवर बाबा "बरं आहे, बरं आहे" म्हणतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात. पण परवा व्हिडीओ कॉलवर मी बघितलं बाबा, तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरून हात उचललात आणि टेबलावर ठेवलात. तुम्हाला वाटलं असेल मला दिसलं नाही. मला ते लगेच कळलं कारण मी स्वतः महिनाभर तसंच करत होते, पुण्यात असताना स्कूटर घसरली तेव्हा. तुम्हाला तेव्हा सांगितलं की खांदा मुरगळलाय, मग म्हटलं छोटंसं ऑपरेशन आहे, आणि पट्टा निघाल्यावरच वाळपईला घरी आले. ते सगळं लपवलं ते चुकलंच माझं. आज सगळं सांगते, कारण आता तुमची पाळी आहे आणि तुम्ही पण तेच करताय.

आधी मुख्य गोष्ट. आई म्हणाली की बाबा म्हणतायत ऑपरेशन गणेश चवथ झाल्यावर करू, गणपतीवरची फळांची माटोळी कोण बांधणार. बाबा, नका हो थांबू. खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात, त्यांच्या दोऱ्या हाडाला चिकटलेल्या असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. तुमची वरची दोरी हाडापासून सुटलीये, एमआरआयमध्ये तीन सेंटीमीटर लिहिलंय. वयामुळे हळूहळू झिजलेली दोरी असती तर डॉक्टर स्वतःच म्हणाले असते की आधी व्यायाम करून बघू, बऱ्याच लोकांचं त्यावरच भागतं. पण तुमची पायरीवरून घसरून एका झटक्यात तुटलीये आणि हात वर जातच नाही. अशी तुटलेली दोरी जितकी ठेवाल तितकी आत ओढली जाते, तो स्नायू बारीक होतो, त्यात चरबी भरते, मग हाडापर्यंत आणून शिवायला ती पुरतच नाही. माझे सात आठवडे असेच गेले. पहिल्या ठिकाणी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणून गोळ्या देऊन पाठवलं, एक्स-रेमध्ये ही दोरी दिसतच नाही हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. वर कोणाच्या तरी सांगण्यावरून मालीश करून घेतली, त्या रात्रीचं दुखणं अजून आठवतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, शेजारच्या गावातल्या त्या मालीशवाल्याकडे परत जाऊ नका.

आता तयारीचं. दोन आठवडे आहेत हातात. साखर आधी आटोक्यात आणायची, साखर जास्त असली की जखम चिघळायची भीती आणि नंतर खांदा आखडायची पण. रक्त पातळ करायची जी गोळी चालू आहे ती डॉक्टरांना दाखवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि जेवणानंतरचं पान-तंबाखू. बाबा मला माहितीये की हे सांगणारी मी कोण, पण दोरी हाडाला परत चिकटते ती रक्तपुरवठ्यावर, तो तिथे मुळातच कमी असतो आणि तंबाखूने अजून कमी होतो. निदान तीन महिने तरी सोडा. माझ्यासाठी सोडा.

डाव्या हाताची सवय आजपासून करा. दात घासणं, चहाचा कप, मोबाईल, संडासातलं पाणी, सगळं. जेवायला चमचा घ्या. डाव्या हाताने जेवायला तुम्हाला कसंतरी वाटणार, मला पण वाटायचं, ताटासमोर रडले होते मी एकदा. आणि देवपूजा सहा आठवडे आईने करावी. डाव्या हाताने फूल वाहायचं नाही आणि उजवा उचलायचा नाही, तर तुम्ही शेजारी पाटावर बसून मंत्र म्हणा, चालतं देवाला.

ऑपरेशन दुर्बिणीतून असतं, छोटी छोटी भोकं पाडून, दोरी हाडात बारीक खिळ्यासारखं काहीतरी बसवून त्याला बांधतात. त्याची भीती नको. मानेजवळ एक इंजेक्शन देतात त्याने अख्खा हात बधिर होतो, बाहेर आल्यावर तुम्हाला वाटेल की झालं पण, काहीच दुखत नाही. इथेच मी फसले. गोळी नको म्हटलं. रात्री तीनच्या सुमाराला आधी बोटांना मुंग्या आल्या, मग अंगठा हलला, आणि मग जे सुरू झालं ते सकाळपर्यंत, गोळी घेतली तरी ती चढायला वेळ लागतो ना. म्हणून आई, हे तू लक्षात ठेव, बाबा नको म्हणाले तरी डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच द्यायची, झोपेतून उठवून द्यावी लागली तरी.

झोप हा सगळ्यात मोठा त्रास आहे. आडवं झोपताच येत नाही पहिले काही आठवडे. ओसरीवरची आरामखुर्ची आपण इकडे फोंड्याला आणू, कोपराखाली उशी, पाठीला उशी, तशीच झोप. हो, इकडेच यायचं आहे, पहिले तीन आठवडे माझ्याकडे. घरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ असतं, न्हाणीघर मागच्या दारी, आणि हात पट्ट्यात असताना तोल जातो, परत पडलात तर सगळंच गेलं. माझ्याकडे फिजिओथेरपीवाली पण जवळ आहे. आईला तिथे एकटं ठेवणार नाही, दोघांनी या. कुळागराच्या बागेकडे काकांचा मुलगा बघेल, त्याच्याशी बोललेय मी.

पट्टा चार ते सहा आठवडे, डॉक्टर सांगतील तेवढा, झोपेत सुद्धा. बोटं, मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. आंघोळीच्या वेळी पुढे वाकायचं, हात आपोआप सुटा लोंबतो, मग आईने काखेत ओलं फडकं फिरवून नीट कोरडं करायचं, या दमट हवेत काखेत पुरळ उठतं. ताप आला, जखम लाल झाली, पू दिसला तर वाट न बघता फोन करायचा.

आणि बाबा, खरं अवघड त्याच्या पुढे आहे. पाच-सहा आठवड्यांनी दुखायचं कमी होतं, पट्टा निघतो, माणसाला वाटतं आता मी बरा. दोरी तेव्हा नुसती धरलेली असते, पक्की झालेली नसते. ताकदीचे व्यायाम साधारण बारा आठवड्यांनंतर, त्याच्या आधी पाण्याची कळशी नाही, नारळ सोलणं नाही. मी पुण्याच्या घरी भिंतीसमोर उभी राहून बोटांनी भिंत चढायचे, जिथपर्यंत हात जाईल तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. सुरुवातीला आठवडाभरात दोन बोटं सुद्धा सरकायचं नाही. एकदा तर रेघ खाली आली. चार महिन्यांनी आदोळीवर बसून अर्धा नारळ खवला, आणि तुम्हाला फोन केला होता आठवतंय का, नुसतंच "काय चाललंय" विचारायला, तो त्या दिवशी. पूर्ण बरं व्हायला मला वर्ष लागलं.

चवथीला तुमचे जेमतेम आठ आठवडे झालेले असतील. माटोळी मी बांधते. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, चिबूड कुठे, सुपारीचे घोस कुठल्या बाजूला, रानातली कांगलां आणि घागऱ्या कशा ओवायच्या, मला ते शिकायचंच होतं आणि तुम्ही दरवर्षी एकट्याने उरकून टाकता. आंबाडे आणायला मी आणि काकांचा मुलगा जाऊ.

आई, तू पण जरा स्वतःकडे बघ. रात्री गोळ्यांसाठी उठायचं काम माझं, तुझं नाही. तुझी कंबर मला माहितीये.

रविवारी येतेय सकाळच्या बसने. बाबांचे पुढून बटणं असलेले जुने ढगळ शर्ट काढून ठेव, बनियन नकोत, डोक्यातून काही घालता येणार नाही. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड आणि एमआरआयची मोठी पिशवी पण लागेल, ती कपाटावरून काढायला तू स्टुलावर चढू नकोस आणि बाबांना तर अजिबात नको, मी आल्यावर काढते.

तुमची,
बाय