कावसजीची ओळख करून दिलीत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोटावरचा बिल्ला कायम उलटा फिरलेला असायचा आणि वॉर्डातले सगळे तुम्हाला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणायचे. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या सरांचं नाव आहे, सही आहे. सरांना मी भेटून पेढे दिले. तुमच्यासाठीही पुडा आणला होता, पण तोवर तुमची पोस्टिंग दुसरीकडे लागली होती. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी ब्लाऊज शिवणारी. डाव्या नाकपुडीवरची न भरणारी पुळी दीड वर्ष अंगावर काढली, तुकडा तपासला तेव्हा बेसल सेलचा कॅन्सर निघाला. हा सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत जातो. नाकपुडी आणि शेंड्याचा अर्धा भाग काढावा लागला. पुढे कपाळाचं कातडं खाली वळवून नाक केलं. हे सगळं ऑपरेशनच्या आधी मला नीट समजावलं होतं, फोटोही दाखवले होते. मी मान डोलावली होती. पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या तोंडावर ते बघणं वेगळं.

तिसऱ्या दिवशीचं ड्रेसिंग तुम्हाला आठवतं का? मी हट्टाने आरसा मागितला. दोन भुवयांच्या मधून नाकापर्यंत मांसाची एक जाड दोरी उतरलेली, वर कपाळाला टाके, खाली सुजलेला गोळा. आरसा मी पालथा घातला आणि तोंड भिंतीकडे केलं. लहानपणी मैत्रिणीला चिडवताना ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ आपण किती सहज म्हणायचो! त्या क्षणी मला तीच म्हण ऐकू येत होती. बाहेर अजून सहा पेशंट खोळंबले होते. तुम्ही स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात, मोबाईलवर एक जुनं चित्र काढलंत आणि म्हणालात, “काकू, हा तुमच्या आधीचा पेशंट. याचं नाक पुण्याजवळच झालं. सव्वादोनशे वर्षं झाली त्याला.”

चित्रात एक माणूस शांतपणे बघत होता. कपाळावर व्रण, आणि त्याखाली नाक. अखंड, चांगलं नाक.

कावसजीची गोष्ट तुम्ही पाच मिनिटांत सांगितलीत. पुढच्या तीन आठवड्यांत मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. माझ्या लेकीने मूळ इंग्रजी पत्र शोधून काढलं आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं मराठीत करून सांगितलं. हे पत्र लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आलं. खाली सही फक्त बी. एल. एवढीच. कावसजी हा शेतकरी जातीतला मराठा. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुटल्यावर श्रीरंगपट्टणजवळ तो मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिलं.

हाताचं मला फार वाटतं. बैल हाकणाऱ्याचा हात गेला म्हणजे पोटच गेलं. माझे दोन्ही हात शाबूत आहेत, डाव्या हाताने कापड सरकवत उजव्या हाताने चाक आवरता येतं, हे मी त्या दिवसांत पहिल्यांदा मोजलं. आणि नाक कापायची शिक्षा तर माणसाला चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये म्हणूनच असायची. आपल्या भाषेत ‘नाक कापलं’ म्हणजे अब्रू गेली, हे काही उगीच झालेलं नाही. कावसजी तसाच वर्षभर राहिला. मी तीन दिवसांत भिंतीकडे तोंड केलं होतं.

मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. पत्रात या माणसाला विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला म्हटलंय. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना त्याला कुंभार म्हणतात. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी असं ऑपरेशन स्वतः पाहिलं होतं, आणि त्यांनी जे पाहिलं ते पायरीपायरीने लिहिलेलं आहे. हा भाग लेकीने वाचला तेव्हा मी उठून बसले, कारण हे तर माझंच काम होतं!

आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या उरलेल्या भागावर बसवायची आणि तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतलं कातडं सोडवून घ्यायचं, पण दोन डोळ्यांच्या मधली एक बारीक पट्टी जोडलेली ठेवायची. कातडं उलगडून खाली घ्यायचं, पीळ देऊन फिरवायचं आणि नाकाच्या जागी बसवायचं. अहो, आम्ही पेपर कटिंग कापडावर ठेवून खडूने रेघ मारतो ते दुसरं काय असतं? आधी अंगावर माप, मग सपाट कागद, मग कापड. गोल अंगाचं माप सपाट कागदावर उतरवणं हीच तर आमची विद्या, आणि ती शिकायला मला चार वर्षं लागली होती. त्या माणसाने ती चेहऱ्यावर करून दाखवली, भूल नसलेल्या जिवंत माणसाच्या.

आणि टाके? टाके नाहीतच. सांधा पक्का करायला काथ! पाण्यात भिजवून मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस तेवढंच. नंतर पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस पेशंटने पाठीवर पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती जोडलेली पट्टी कापायची.

डॉक्टरताई, माझी पट्टी तुम्ही एकविसाव्या दिवशी कापलीत. काथाच्या जागी बारीक टाके होते, तुपाच्या जागी व्हॅसलीनची जाळी होती, भूल होती, प्रतिजैविकं होती. बाकी सगळं तेच. मी विचारलं होतं की ही दोरी इतके दिवस कशाला ठेवायची, लगेच कापून का टाकत नाही. तेव्हा तुम्ही सांगितलंत की भुवईच्या आतल्या टोकापासून वर कपाळात जाणारी एक रक्तवाहिनी आहे, तिच्यातूनच या नाकाला रक्त मिळतंय. खालच्या कडेने नव्या वाहिन्या शिरेपर्यंत दोरी कापली तर नाक काळं पडेल. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसालाही हे ठाऊक होतं. जोडून ठेवलेली पट्टी सांधा जुळेपर्यंत रक्त चालू ठेवते, असं त्या पत्रातही स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही आधी सांगून ठेवली नसतीत तर मी घाबरले असते. त्या तीन आठवड्यांत नव्या नाकाला बोट लावलं की कपाळाला लावल्यासारखं वाटायचं! डोळे मिटून मी चार-चारदा करून पाहिलं. कावसजीलाही असंच वाटलं असणार. रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचे. तोही पाठीवर पडलेला, मीही पाठीवर पडलेली.

मी तुम्हाला माया किती ठेवलीत असंही विचारलं होतं. आम्ही शिवणीत जास्तीचं कापड ठेवतो त्याला माया म्हणतो, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. तुम्हाला तो शब्द आवडला होता. इथे माया चालत नाही, माप नेमकंच लागतं, नाकपुडी आकसू नये म्हणून आत कानाच्या कूर्चेचा तुकडा बसवलाय, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे कॉलरमध्ये बक्रम घालतो तसं. तेव्हापासून मला माझ्या नाकाची भीती वाटेनाशी झाली. ज्या वस्तूची कटिंग समजते तिची कसली भीती?

पुढची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, पण मला ती लिहावीशी वाटते. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांचा काळ. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार दरबारातल्या लोकांची चित्रं काढत होता. नाना फडणवीसांचं चित्रही त्याने काढलंय. त्याच वेल्सने १७९४ मध्ये या बैल हाकणाऱ्या माणसाचंही चित्र काढलं, आणि ते छापून लंडनला पोचलं. तिथे जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने हे सगळं वाचलं. त्याने वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच पद्धतीने केलं. पंधरा मिनिटं लागली. भूल द्यायचं औषध यायला अजून तीसहून जास्त वर्षं होती. १८१६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. दोनच वर्षांनी जर्मनीत फॉन ग्रेफे यांनी ‘राइनोप्लास्टिक’ हे पुस्तक लिहिलं, आणि प्लास्टिक सर्जरी हे नाव तिथून रूढ होत गेलं. कपाळावरून नाक करण्याच्या या रीतीला आजही भारतीय पद्धत म्हणतात.

हे मी ओळखीच्या लोकांना सांगते तेव्हा लगेच कुणीतरी सुश्रुताचं नाव घेतं. बरोबरच आहे. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचं झाडाचं पान घेऊन तेवढं कातडं गालावरून घ्यायला सांगितलंय. पान, मेण, कागद, एकाच कामाची ही तीन मापं पाहून मलाही अभिमान वाटतो. पण सुश्रुताचं नाव घेऊन आपण थांबतो, हे मला पटत नाही. पुण्याच्या त्या माणसाने हे हाताने जिवंत ठेवलं होतं. कार्प्यूचं नाव राहिलं, वेल्सचं राहिलं, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची राहिली, पेशंटचंही राहिलं. ज्याने नाक केलं त्याचं नाव कुणी लिहून घेतलं नाही. दोन डॉक्टर त्याच्या हाताकडे बघत उभे असताना ‘बाबा, तुझं नाव काय?’ हा प्रश्न मागे राहिला.

मीही तेच केलं. तीन आठवडे रोज तुम्ही माझं ड्रेसिंग केलंत आणि मी तुमचं नाव विचारलं नाही. डिस्चार्ज कार्ड घरी नीट वाचलं तेव्हा मला हे कळलं आणि रात्रभर टोचत राहिलं. हे पत्र त्यासाठीच आहे.

आता कसबा पेठेत कापड आणायला गेले आणि कुंभारवेशीकडून परत आले की माठ-पणत्यांच्या दुकानांपाशी पाय रेंगाळतात. एकदा एका आजोबांना चाकावर पणतीची कड दोन बोटांनी आत वळवताना बघत राहिले. नाकपुडीची कड अशीच वळते.

नाक आता माझं झालंय. थंडीत ते जरा लालसर होतं, कपाळावरची रेघ कुंकवाखाली जाते. पुतण्याच्या लग्नात मी चापाची नथ घातली होती. गिऱ्हाइकं सुरुवातीला बघायची आणि नजर वळवायची, त्यांना मी कावसजीची गोष्ट सांगते. एका शाळकरी मुलीने तर चकती आणि कपाळाची आकृती वहीत काढून नेली.

ताई, तुम्ही जिथे असाल तिथून एकदा दुकानात या. येताना दोन ब्लाऊजपीस आणा, कॉटन असेल तर भिजवून, वाळवून आणा, नाहीतर आटतं. माप मी स्वतः घेईन. मायाही भरपूर ठेवीन. शिलाई द्यायची नाही. फक्त मापाच्या वहीत पान काढताना वर तुमचं पूर्ण नाव सांगा, तेवढं मला लिहून घ्यायचंय.

तुमची,
ब्लाऊजवाली काकू