गैरहजेरीच्या सूचनेत आधी विचारपूस हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आमच्या गेवराई तालुक्यातील वाड्या-तांडे निम्मे रिकामे होतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता, चार भांडी आणि अंगावरचे लेकरू घेऊन कोल्हापूर, सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात आणि शाळेत जाणारी मोठी मुले आजी-आजोबांच्या स्वाधीन होतात. नेमक्या याच काळात शाळेच्या कार्यालयातून घरी जाणाऱ्या सूचना वाढतात, कारण वर्ग ओस पडू लागलेले असतात. मी एका शाळेत २६ वर्षे लिपिक होतो. अशा शेकडो सूचना मी स्वतः लिहिल्या, जावक नोंदवहीत चढवल्या आणि शिक्का मारून पाठवल्या. त्या सूचनांच्या भाषेविषयी आणि त्या कोणाच्या हाती पडतात याविषयी मला लिहायचे आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट आहे. दुपारची खिचडी वाटून झाली होती आणि एक आजीबाई कार्यालयाच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. कागद माझ्याच हातचा होता. ‘आपली पाल्य सतत अनुपस्थित राहत असून तीन दिवसांत समक्ष खुलासा न केल्यास तिचे नाव पटावरून कमी करण्यात येईल व त्याची सर्वस्वी जबाबदारी पालकाची राहील.’ शेजारच्या पोराकडून त्यांनी तो वाचून घेतला होता. हाच मजकूर मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवरही गेला होता, पण ते दीडदोनशे कोसांवर उसाच्या फडात होते. आजीबाईंनी एवढेच विचारले, “सायेब, पोरीचं नाव काढून टाकतेत का हो?”

मी हजेरीपत्रक उघडले. सहावीतली मुलगी, सलग अकरा दिवस गैरहजर. ती का येत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारले. आजीबाईंनी आधी दाराकडे पाहिले, मग आवाज खाली नेऊन सांगितले. पोर रोज सकाळी पोट दुखते म्हणायची. दवाखाना झाला, अंगारा झाला, गुण येईना. शेवटी एका रात्री ती बोलली : वस्तीवरून शाळेकडे येताना बंद पडलेल्या गोदामापाशी काही टोळभैरव बसतात, ते तिला रोज काहीबाही बोलत आणि एकदा एकाने दप्तर ओढले होते. आमच्या हजेरीपत्रकात यातले काहीच नव्हते. तिथे फक्त अकरा खुणा होत्या.

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी एका शिक्षिकेला वस्तीवर पाठवले, पोलीस पाटलांना बोलावून घेतले आणि त्या वाटेच्या चार मुलींनी एकत्र यावे-जावे असे ठरवले. पुढच्या सोमवारी मुलगी वर्गात होती. पण तिच्या गैरहजेरीच्या दुसऱ्याच दिवशी कोणी फोन करून चौकशी केली असती, तर त्या पोरीचे नऊ दिवस भीतीत गेले नसते. ही चूक माझी होती आणि ती आजही मनातून जात नाही.

त्या कागदात दुसरीही एक चूक होती, जी मला फार उशिरा कळली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे ज्या धमकीने ती माउली चार मैल पायपीट करत आली, ती धमकी देण्याचा आम्हाला अधिकारच नव्हता. उलट त्याच कायद्याच्या कलम २४ ने शिक्षकांवर असे कर्तव्य टाकले आहे की त्यांनी पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना द्यावी. कायद्याला अभिप्रेत आहे ते बोलणे, आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षे नोटिसाच बजावत आलो. जुन्या नोटिशीचा मसुदा वरचे नाव बदलून पुढे चालत राहतो, हे मी आतून पाहिलेले आहे.

आता कागदाची जागा व्हॉट्सॲपवरील पालकांच्या गटाने घेतली आहे. त्यात सोय आहे, हे मान्य. परंतु गैरहजर मुलांची नावे सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्या गटावर टाकणे मला अजिबात योग्य वाटत नाही, कारण आधीच खचलेले मूल त्यामुळे आणखी लाजते आणि शाळेपासून अधिकच लांब जाते. शिवाय त्या गटात असतो तो प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेला वडिलांचा क्रमांक. घरी मुलाला सांभाळणाऱ्या आजीकडे साधा बटनाचा फोन असतो आणि तिला अक्षरओळख नसते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश सोपा करणारे शिक्षण हमी कार्ड या व्यवस्था आहेत. जी मुले त्यांत येत नाहीत आणि गावातच मागे राहतात, त्यांच्यापुरते तरी शाळेने दिवाळीच्या सुटीआधी ‘एप्रिलपर्यंत हे मूल कोणाजवळ राहणार’ हे विचारून त्या माणसाचा क्रमांक लिहून ठेवावा. यास एक वही पुरते.

सुरक्षिततेच्या सूचनांचेही असेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील सखी सावित्री समिती यांविषयी शाळांना पुन्हा बजावले, आणि ते आवश्यकच होते. पण समितीत कोण आहे आणि तक्रारपेटी कोण उघडते, हे किती पालकांना ठाऊक असते? मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन २०१२ च्या पॉक्सो कायद्याने घातले आहे. असे प्रकरण गावात किंवा शाळेत बसून मिटवता येत नाही. ही गोष्ट आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक फलकावर लावून पुरणार नाही, पालकांच्या बैठकीत तोंडी सांगितला पाहिजे.

मुलांच्या मनाच्या स्वास्थ्याबद्दल तर आपण जवळजवळ बोलतच नाही. सकाळचे पोट दुखणे, जेवण कमी होणे, एकाएकी गप्प होणे, ही लक्षणे घरच्यांना दिसतात आणि गैरहजेरी शाळेला दिसते. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही. लातूरला खोली घेऊन वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनाही गावाकडे कळतात ते बहुधा चाचणीचे गुण. अशा घरांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक माहीत असायला हवा.

शाळांची अडचण मी जाणतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत लिपिक नसतोच आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुरुजींचा दिवस जातो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे पाहावे, असे मला वाटते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वस्तीगणिक समितीतील एका आईने दुसऱ्या दिवशीही न आलेल्या मुलाच्या घरी डोकावून यावे, एवढे जरी जमले तरी पुष्कळ आहे.

मला आज पुन्हा त्या खुर्चीवर बसवले, तर मी इतकेच लिहीन आणि तेही फोनवरून वाचून दाखवीन : ‘तुमची मुलगी आज शाळेत आली नाही. बरी आहे ना? घरी, वाटेत किंवा शाळेत काही त्रास असेल तर आम्हाला सांगा. तिचे नाव कोणीही काढणार नाही.’ मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी अशा सोप्या बोलीतला नमुना यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक शाळेकडे पाठवावा, ही आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शालेय लिपिक,
ता. गेवराई, जि. बीड