साठ कंदील आणि नव्वद दिवस

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय सद्या,

फोनवर सांगितलं असतं, खरं तू मधेच हसतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र. मार्चपासून तुझ्या प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा दाखवला, त्याच्या शिव्या शिवजयंतीला आलास की समोरासमोर दे. आईचे गुडघे तसेच. माझी शुगर जरा वर आहे, गोळी चालू केली. झालं.

आता ऐक. मंगळवारी एका मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांनी बोलावलं. वर्षभर त्यांचे किरकोळ फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकत्या, लेथवर मारून देतोय. एसी केबिन, चहा मगातून. म्हणाले, "काम चांगलं आहे तुमचं. महिन्याला तिप्पट माल देतो. पेमेंट नव्वद दिवसांनी." आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "रोख असेल तर बोला साहेब, नाहीतर कंदील आमच्या माडीवर टांगतो!"

माणूस बघतच राहिला. "कसला कंदील?"

काय सांगू गा त्यांना! १९९८ च्या दिवाळीत तू खडेबाजारात ओरडला होतास ते वाक्य सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं माझ्या पोटात बसलं होतं, हे मलाच माहीत नव्हतं. साठ कंदील, पस्तीस रुपयांनी २,१०० रुपये, आणि मी शहाणा ते एका दुकानदाराला उधार देऊन आलो. तू म्हणत होतास रस्त्यावर उभं राहून एकेक विकू. देवदिवाळी झाली, दुकानदार "बघू की, बघू की" करत राहिला आणि तू थेट शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्रीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. तू बरोबर होतास. लेखी देतो, घे. (बांबूच्या काड्या मात्र तूच वाकड्या तासल्या होत्यास, त्यावर मी अजून ठाम आहे.)

तर मी नाही म्हणून आलो, आणि त्या दिवसापासून झोप नाही.

हिशोब सांगतो, चुकला असेल तर सांग. आज माझं बिल महिन्याला दीड लाखाचं. बसू आणि दुसरा पोरगा यांचे पगार, शेडचं भाडं, हेस्कॉमचं लाइट बिल, इन्सर्ट म्हणजे कापायच्या पात्या, तेल, सगळं धरून एक लाख दहा हजार जातात. बारके गिऱ्हाईक शनिवारी पैसे टाकतात, म्हणून गाडा चालतो. तिप्पट काम म्हणजे तिप्पट खर्च, तीन लाख तीस हजार. पहिला रुपया हातात यायच्या आधी तीन महिने, म्हणजे जवळजवळ दहा लाख माझ्या खिशातून बाहेर. खिशात आहेत सव्वा लाख. वर जीएसटी बिल फाडलं की पुढच्या महिन्यात भरायचा, साहेबांनी पैसे दिले असोत वा नसोत. कागदावर नफा दिसतो रे, भरपूर दिसतो. खरं तो नफा दुसऱ्याच्या तिजोरीत झोपलेला, आणि इकडं शनिवारी बसूला पगार द्यायचा मी.

कायदा आहे. २००६ पासून आहे. उद्यम नोंदणी असलेल्या बारक्या कारखानदाराला ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. आणि २०२३ च्या बजेटनंतर तर मुदतीत दिलं नाही की ते बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले की मगच. आमच्या सीएनं सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "व्याज मागा की. मग पुढचा माल मात्र मागू नका."

तू म्हणशील, मुद्रा कर्ज काढ, दुसरी लेथ घे. माझी लेथ तू बघितलीस, सहा फुटी, तिसऱ्या हाताची. चकाजवळ, म्हणजे जॉब धरतात तिथं, बेड इतका घासलाय की लांब जॉब लावला की टेपर येतो, एक टोक जाड एक बारीक. म्हणून आखूड जॉबच घेतो, रफ मारतो आणि फिनिशला शेजारच्या सीएनसीवर, कॉम्प्युटरवर चालते त्या मशीनवर, तासाच्या भाड्यानं. माझ्या लेथच्या खोडी मला पाठ आहेत, त्यावर घर चाललंय. नव्या मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, नव्वद दिवसांनी येत नाही.

आणि कास्टिंगची, म्हणजे भट्टीतून ओतून येणाऱ्या मालाची, भानगड वेगळीच. मे महिन्यात चाळीस फ्लँज आले. दोन कट झाले, लखलखीत. तिसऱ्या कटला मोहरीएवढा काळा ठिपका. अजून अर्धा एमएम काढला तर हरभऱ्याएवढा. ब्लो होल, ओतताना आत हवा अडकून पडलेलं भोक! बसू नखानं खरवडून माझ्या तोंडाकडं बघतोय. चाळीसात अकरा गेले. भोक भट्टीतलं, मजुरी बुडाली माझी. आता कुठलाही लॉट आला की आधी पाचच जॉब मारतो, मशीन बंद करतो, फोटो पाठवतो, मग पुढं. एवढी अक्कल अकरा फ्लँजांत आली, स्वस्तच म्हण.

खरं झोप उडवली ती भिंतीपलीकडच्यानं. मी सोडलेली ऑर्डर त्यानं घेतली. शुक्रवारी क्रेननं नवी सीएनसी उतरली, नारळ फुटला, पेढे मलाही आले. काल रात्री दहाला कुलूप लावताना पलीकडं मशीन चालूच होती. आई म्हणते, लक्ष्मी दारात आलेली, तू चहासुद्धा विचारला नाहीस. ही काही बोलत नाही, ते जास्त लागतं. तो तरला तर पुढच्या वर्षी मी त्याच्याकडं कामाला असेन. बुडाला तर ती मशीन मीच निम्म्या किमतीत घेईन, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. सकाळी त्याला पाच जॉबचं ते सांगून आलो. तो हसला.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोराचं दहावीचं वर्ष, वैनींना म्हणावं फार मागं लागू नका. कुंदा पाठवतोय, दोन डबे. एक बॉसला दे आणि रजा मंजूर करून घे.

आणि हो, तिकडं भोसरीत जुन्या मशीनच्या बाजारात चार जबड्यांचा दहा इंची चक दिसला तर फोटो पाठव. जबडे झिजलेले नकोत. पैसे रोख देतो.

तुझाच,
बाळ्या