पर्लकोटेच्या पलीकडे आधी फोन पोहोचवा

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, गडचिरोली

महोदय,
सविनय नमस्कार.

5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य सरकारने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीसोबत उपग्रह इंटरनेटच्या इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांना त्यात प्राधान्य आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव त्या यादीत वाचून मनापासून बरं वाटलं. भामरागड तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून माझी नोकरी झाली, निवृत्तीनंतरही मी इथेच राहतो. त्या अनुभवावरून एकच मागणं घेऊन हे पत्र लिहितो आहे. उपग्रहाची जी काही सोय या जिल्ह्यात येईल, तिच्यातला पहिला वाटा पर्लकोटा नदीपलीकडच्या आजारी माणसाला मिळावा. आणि तो आधी साध्या बोलण्याच्या सॅटेलाइट फोनच्या रूपात मिळावा, इंटरनेट त्यानंतर.

हे पत्र लिहिण्यामागे एक धास्ती आहे. आमच्याकडे योजना येते ती तालुक्याच्या गावी येऊन थांबते. तहसील कार्यालयाच्या गच्चीवर उपग्रह इंटरनेटची डिश बसेल, उद्घाटन होईल, आकडा पूर्ण होईल. पण तिथे बरी-वाईट का होईना, रेंज आहेच. जिथे ती अजिबात नाही ती गावं जंगलात आणि डोंगरावर आहेत. पावसाळ्यात तिथे जायला वाट उरत नाही.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं आणि पुलावर चढतं. मग तालुका जिल्ह्यापासून तुटतो, कधी कधी सलग काही दिवस. वीज आणि नेटवर्कही बहुधा त्याच वेळी जातं. हे झालं भामरागड गावाचं. तिथून आत, लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याकडे जाल, तर ओढे ओलांडत डोंगर चढून जावं लागतं. अशा गावात रात्री बाईला कळा सुरू झाल्या, किंवा धान रोवताना कुणाला मण्यारीने चावलं, तर 108 ची गाडी येण्याआधी कुणीतरी 108 ला फोन लावावा लागतो. ही सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिची सुरुवातच फोनने होते. फोन लावण्यासाठी घरातला एखादा पोरगा अंधारात रेंज पकडणारी टेकडी शोधत जातो. बाकीचे खाटेची कावड करून रुग्णाला उचलतात आणि नदीच्या दिशेने निघतात.

कावड उचलणाऱ्या लोकांसोबत मी चाललो आहे. चालणं, चिखल, पाऊस, सगळं इथला माडिया आदिवासी माणूस सहन करतो. जीव खातं ते काहीच न कळणं. नदी उतरली आहे का? पलीकडे गाडी येऊन उभी आहे का? डॉक्टर आज आहेत का? आशाताईच्या हातात त्या क्षणी दोन मिनिटांचा फोन असेल तर डॉक्टर तिला सांगू शकतात की थांबा, की आत्ता निघा, की दुसऱ्या वाटेने या. डोंगा कुठे लावायचा हे आधी ठरवता येतं. गरोदर बाईला वेळेवर माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायच्या सोयीत, आणायचं असेल, तर पूर येण्याआधी निरोप पोहोचतो. पुष्कळदा मरण आणि जगणं यांच्यात एवढाच एक निरोप असतो.

आता डिशविषयी. जमिनीपासून साधारण 550 किलोमीटरवरच्या उपग्रहांशी बोलणारी ही डिश शाळेसाठी, आरोग्य केंद्रासाठी, रेशन दुकानाच्या अंगठ्यासाठी खरोखर उपयोगी आहे. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरायला रेंजच्या गावापर्यंत चालत जावं लागतं, ते थांबेल. पण डिशला सतत सुमारे 50 ते 75 वॅट वीज लागते आणि चारही बाजूंनी मोकळं आकाश लागतं. आमच्या गावांवर मोहाची आणि सागाची छाया आहे. डिशसाठी मोह कुणी तोडणार नाही, तोडूही नये. शिवाय ती ज्या लहरींवर चालते त्या मुसळधार पावसात क्षीण होतात आणि आठवडाभर ऊन पडलं नाही तर सौर बॅटरीही बसते. ज्या रात्री तिची सगळ्यात जास्त गरज, त्याच रात्री ती बंद पडण्याची शक्यता जास्त.

बीएसएनएल इनमारसॅट या परदेशी कंपनीच्या उपग्रहांवरून जी सॅटेलाइट फोनसेवा देते, तिच्या लहरींना पावसाचा त्रास फार कमी होतो. तिच्या हँडसेटची बॅटरी कंपनीच्या माहितीनुसार नुसती चालू ठेवली तर 160 तास टिकते. आकाश त्यालाही मोकळं लागतं, पण फोन हातात घेऊन झाडाखालून बाजूला सरकता येतं. म्हणून दोन्ही द्या, पण फोन आधी द्या.

सॅटेलाइट फोनवर आपल्या देशात कडक बंधनं आहेत. 26/11 च्या हल्लेखोरांनी थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन वापरला होता, त्यामुळे या बंधनांमागचं कारण आम्हाला कळतं. गडचिरोलीत तर सुरक्षेचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नाही, ते आम्ही इतकी वर्षं मोजलं आहे. पण सरकारी उपकेंद्राच्या नावावर नोंदलेला, परवानगी घेतलेला, ज्याचा प्रत्येक कॉल भारतातल्या केंद्रातून जातो असा फोन आशाताईकडे असण्यात धोका कसला? परवानगी केंद्राच्या दूरसंचार विभागाची लागते. एकेका फोनसाठी फाईल हलवण्यापेक्षा राज्याने संपर्कहीन गावांच्या सर्व उपकेंद्रांसाठी ती एकत्र मागावी. आपल्या शब्दाला दिल्लीत वजन आहे, ते इथे वापरा.

हे अशक्य नाही. उत्तराखंडने पिथोरागड जिल्ह्यातल्या सीमेजवळच्या गावांना सॅटेलाइट फोन दिले आहेत. आणि आपल्याच पालघरमध्ये 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांनी मासेमारी नौकांसाठीची योजना सुरू केली. त्यात देशभरातल्या 1 लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, रेंज नसतानाही खलाशाला संकटाचा संदेश पाठवता येतो. समुद्रातल्या माणसाचा हा हक्क मान्य झाला, याचा आनंद आहे. जंगलातल्या माणसाचा हक्कही तोच आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. यंत्र बसवायला पैसे मिळतात, ते चालू ठेवायला मिळत नाहीत. सौर दिव्यांची बॅटरी गेली की खांब तेवढे उरतात, हे आम्ही गावोगावी पाहिलं आहे. म्हणून फोनच्या मिनिटांचे, डिशच्या मासिक शुल्काचे आणि बॅटरी बदलण्याचे पैसे निदान पाच वर्षांसाठी जिल्हा नियोजनात वेगळे काढून ठेवा. दुरुस्ती शिकवायची तर गावातल्याच पोरापोरींना शिकवा, अहेरीहून तंत्रज्ञ येण्याची वाट पावसाळ्यात पाहता येत नाही.

1 जानेवारी 2025 ला आपण अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू केलीत. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी तिथे बस पोहोचली. त्या दिवशी लोकांच्या चेहऱ्यावर काय होतं ते आपण जवळून पाहिलं आहे, त्यामुळे फोनविषयी जास्त सांगायची गरज नसावी.

जूनच्या आत एवढं करावं, ही विनंती. कुठल्या गावात रेंज नाही हे ग्रामसभांकडून लेखी मागवावं, कंपन्यांच्या नकाशावर विसंबू नये. पहिले फोन पर्लकोटेच्या पलीकडच्या उपकेंद्रांना आणि आशाताईंना द्यावेत. डिशची चाचणी जानेवारीच्या निरभ्र आकाशाखाली न घेता जुलै-ऑगस्टच्या झडीत घ्यावी. आणि कोणत्या गावाला काय मिळालं, ते चालू आहे की बंद, याची यादी दर महिन्याला पंचायत समितीच्या फलकावर मराठीत आणि माडियात लावावी.

आपला,
भामरागड तालुक्यातील एक निवृत्त आरोग्यसेवक