आक्काची न्हाणी आणि तू

प्रिय मावशी,

आजीच्या, म्हणजे तुझ्या आक्काच्या, तेराव्याला मंडपात बरेच जण बोलले. माळकरी होती, हरिपाठ तोंडपाठ होता, पालखीतल्या बायकांसाठी दार सताड उघडं ठेवायची. सगळं खरंच बोलले. तुझं नाव मात्र कुणाच्या तोंडून आलं नाही. तू तेव्हा मागच्या बाजूला पत्रावळ्या उचलत होतीस. तुझ्या कानावर काही गेलंही नसेल, आणि गेलं असलं तरी तू बोलणारी नव्हेस. म्हणून हे पत्र चार लोकांनी वाचावं असं उघडच लिहितेय. लेकीला वाचून दाखवायला सांग.

सासवडला माउलींची पालखी दोन मुक्काम असते. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाटाची चढण आणि बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. उपाशीपोटी घाट चढून माणसं रात्री गावात येतात तेव्हा पायांचे गोळे झालेले असतात. दुसरा दिवस विसाव्याचा. तोच अंघोळीचा आणि धुण्याचा. पुरुष टँकरखाली, नळावर, कऱ्हेच्या काठी कुठेही उभे राहतात. बायकांनी काय करायचं? चौघींनी लुगडं धरायचं, आडोशाला पाचवीनं अंगावर दोन तांबे घ्यायचे आणि ओल्या कपड्यावर कोरडं चढवायचं. वारीची वर्णनं पुष्कळ वाचली, त्यात टाळमृदंग भरपूर असतो, पण हे क्वचितच सापडतं.

आजीनं परसातली न्हाणी बायकांना उघडून दिली. तिला कुणी समाजसेविका म्हटलं असतं तर ती हसली असती. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती, खडी फोडायला जायची आणि रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खायची. तांब्याभर पाण्याची किंमत तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजोबा लवकर गेले, तीन पोरं तिनं अंजिराच्या बागेत रोजानं जाऊन वाढवली. ते सगळं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

पण दार उघडणं सोपं होतं गं. त्यामागचं काम अवघड होतं, आणि ते तू केलंस. पहाटे तीनला चुलवण कोण पेटवायचं? ओली लाकडं धुमसली की फुंकून फुंकून डोळे कुणाचे लाल व्हायचे? टँकरवाल्याशी भांडून एक खेप जास्तीची कोण आणायचं? मंडईतली तुझी भाजीची पाटी त्या दोन दिवसांत बंद असायची. पालखीच्या दिवसांत सासवडात जो काही विकायला बसतो त्याचा माल हातोहात जातो, आणि तू नेमके तेच दिवस धंदा सोडून आमच्या परसात असायचीस. त्याचा हिशेब कुणी मांडला नाही, तूही नाही.

न्हाणीपुढे रांग लागली की शिस्त तुझी. म्हाताऱ्या आधी, लेकुरवाळ्या मग, आणि 'जिची पाळी आलीय' तिला न विचारता मागच्या दारानं आत. आजीकडे धुतलेल्या सुती कापडाची चळत असायची. पुढे तू औषधाच्या दुकानातून पॅड आणायला लागलीस. एका बाईनं घाबरून विचारलं होतं, "माझं असं झालंय, आता पालखीच्या मागं चालू का नको?" आजी म्हणाली, "चोखोबाच्या सोयराबाईनं हे कधीच विचारून ठेवलंय. विटाळातनंच सगळा देह झालाय, मग सोवळं कोण? चाल तू." त्यावर तू तिच्या हातात चहाचा कप दिलास आणि म्हणालीस, "आणि तळपायाला तेल लाव." मला तुमच्या दोघींचा स्वभाव त्या दोन वाक्यांत दिसतो.

तू माळ कधी घातली नाहीस. तुझा देव जेजुरीचा. पालखी सासवडहून पुढे जेजुरीला जाते, तिथे भंडारा उधळतात, तेव्हा तू आजीला चिडवायचीस, "आक्का, तुमच्या माउलीलासुद्धा आमच्या मल्हारीच्या गावावरनंच जावं लागतं." आजीचं उत्तर ठरलेलं, "मग, भावाच्या घरी मुक्काम नको का?" चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं तिनं कधी तोंडात घातलं नाही. ते सुटायचं चंपाषष्ठीला, तुझ्या घरी तळी भरल्यावर, तुझ्या हातच्या वांग्याच्या भरतानं. पहिला घास आपल्या घरातला नाही, तुझ्या ताटातला. आमच्या काकूंना याचा थोडा राग यायचा, हेही आता सांगून टाकते.

आणखी एक गंमत लोकांना माहीत नाही. आषाढीची पायी वारी आजीनं आयुष्यात केली नाही. पालखी दारातून जाताना पाहुण्यांना सोडून यजमानानं निघायचं कसं, असं ती म्हणायची. ती कार्तिकीला एसटीनं जायची, तुला बळेच शेजारी बसवून.

2020 साली करोनामुळे पालख्या चालल्याच नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. त्या दिवशी आजी सकाळपासून परसात नुसती बसून होती. तू चुलवण पेटवलंस, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकलीस आणि गल्लीत जी घरं बंद होती त्यांच्या दाराबाहेर डबे ठेवून आलीस. आजीनं तिथेच बसून ताटं पुसायला घेतली.

मग तिचा खुबा मोडला. आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. पैसे पाठवत होतो, रोज फोन करत होतो, बाई ठेवली होती. संध्याकाळी पाटी आवरून मात्र तू यायचीस. दिवा लावायचीस आणि दोघी हरिपाठाला बसायचात. शेवटच्या वर्षात तिचं विसरणं वाढलं. ओळ अर्धी म्हणून ती थांबायची, छताकडे बघत बसायची. तेव्हा उरलेली अर्धी ओळ तू म्हणायचीस. अक्षर न वाचता, माळ न घालता, नुसतं इतकी वर्षं कानावर पडून तुला सगळा हरिपाठ आला होता. मी एकदा दारात उभी राहून ऐकला. तू चाल थोडी चुकवतेस, पण शब्द एकही नाही. आजीला माझं नाव आठवत नव्हतं तेव्हाही तुझ्या आवाजावर ती पुढचा अभंग धरायची. तिच्या त्या वर्षाबद्दल तुझे आभार मानायचे तर कुठल्या शब्दांत, हे मला अजून सुचलेलं नाही. नुसतं आभारी आहे म्हणते, ते तू घे.

काकांना यंदा दारावर मोठा फ्लेक्स लावायचा होता, आजीचा फोटो आणि 'यांच्या स्मरणार्थ मोफत सोय'. मी म्हटलं, लावायचाच तर दोघींचा फोटो लावा. ते विचारात पडले. शेवटी फ्लेक्स रद्द झाला आणि त्या पैशांत न्हाणीला नवी फरशी आणि दाराला आतून कडी बसली. हल्ली निर्मल वारीची फिरती शौचालयं येतात, त्यामुळे तो भार थोडा कमी आहे, पण गरम पाणी अजून आपल्यालाच बघायचंय.

लाकडं मी सांगून ठेवली आहेत, शेडमध्ये कोरडी टाकतील. टँकरवाल्याशी बोलणं तुझ्याकडे, ते मला जमत नाही. मी दशमीला रात्रीच पोचते. पातेली घासून ठेवू नकोस, तुझा खांदा दुखतोय असं लेक म्हणत होती. ते काम माझं. आणि त्या दोन दिवसांत तुझ्या पाटीवर बसायला माझा नवरा येतोय. त्याला मेथी आणि शेपूतला फरक कळत नाही, तेवढं आदल्या दिवशी शिकव.

तुझी,
आक्काची थोरली नात