टायपिस्ट काका, त्या स्टीलच्या पट्टीसाठी थँक्यू

काका,
तुमच्या बटणांच्या फोनवर हे काही दिसायचं नाही, नातीला वाचून दाखवायला सांगा.

वकिलांकडे नवीन लागले होते तेव्हा लिव्ह अँड लायसन्सच्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं, 'द लायसन्सी शॅल, ऑन एक्स्पायरी ऑफ द टर्म, हँड्स ओव्हर द कीज'. साहेबांनी लाल गोल मारून कागद परत दिला, काय चुकलं ते काही सांगितलं नाही, आणि माझ्या डोक्यात तर शाळेपासून बसलेलं की माणूस एकटा असला की एस हवाच.

तुम्ही चहाचा ग्लास बाजूला सरकवलात, दोन कॉमांच्या मधल्या शब्दांवर पट्टी आडवी ठेवलीत आणि म्हणालात, आता वाच. शॅल हँड्स! मलाच हसू आलं. शॅल, मे, मस्ट, कॅन काहीही असो, पुढचं क्रियापद कोरंच येणार, ना एस ना टू, मध्ये कितीही पाहुणे येऊन बसू देत. आणि एक कॉमा टाकला की दुसरा टाकायचाच, हेही तेव्हाच कळलं (मी अजूनही विसरते, सॉरी).

मग विचारलंत, 'मुदत संपल्यावर चाव्या परत द्याव्यात' यात शॅल कुठेय दाखव. मी शोधतच बसले. तो 'द्याव्यात'च्या पोटातच आहे ना, आपल्याला तोडून बाहेर काढताच येत नाही, म्हणून मुदतबिदत सगळं आधी उरकावं लागतं, इंग्रजीत शॅल सुटा उभा असतो म्हणून मध्ये जागा होते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नॉट मात्र शॅलला चिकटूनच, 'शॅल नॉट, विदाउट रिटन कन्सेंट, सबलेट'. आणि मधलं फार लांबलं तर उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेव म्हणालात, तेव्हा मी मोठी शहाणी, राज्यघटनेचं कलम 41 काढून दाखवलं. 'द स्टेट शॅल, विदिन द लिमिट्स ऑफ इट्स इकॉनॉमिक कपॅसिटी अँड डेव्हलपमेंट, मेक इफेक्टिव्ह प्रोव्हिजन', पुढे कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क वगैरे. मध्ये चांगले 9 शब्द! तुम्ही पट्टी ठेवलीत, वाचलंत, मग पट्टी उचलून ते 9 शब्द परत वाचलेत आणि म्हणालात, खरी मेख इथेच मारलीय बघ, हे झाकून नाही चालायचं.

तुमचीच,
लाल गोलवाली